चाक दरीकडे

लेलँडनं बसच्या छपरावर खडूनं आडवी रेघ ओढली तेव्हा खाली उभी असलेली आर्डिथ म्हणाली, "इथं कापू नकोस. एक खिडकी मागं घे."

"आई, एक खिडकी म्हणजे हातभर जागा जाते."

"जाऊ दे. पोराला पाठ टेकायला नको का कुठं?"

पोरगा म्हणजे लेव्हाय. तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, पण क्रो या मूळनिवासी जमातीत मावशीला आईच म्हणतात, तेव्हा तो तिचाही मुलगाच. उघड्या पाठीच्या घोड्यावर बसून मैदानाची एक फेरी मारायची, धावत्या घोड्यावरून खाली झेप टाकायची, तशीच दुसऱ्यावर चढायचं, मग तिसऱ्यावर, अशी त्यांची शर्यत. लेव्हाय त्या शर्यतीतला स्वार. येणारा घोडा छातीवर झेलायचं काम लेलँडचं, आणि पुढचा घोडा धरून ठेवायचं हार्लनचं. उन्हाळाभर गावोगाव फिरायचं, तर राखीव धरून चार घोडे आणि माणसं एका खेपेत न्यायला काहीतरी हवंच होतं. लेलँडची पिकअप मागच्याच वर्षी धापा टाकून बसली होती. म्हणून शाळेनं मोडीत काढलेली ही चपट्या तोंडाची बस त्यानं घरी आणली. ती पोरं भरून वीसेक वर्षं आर्डिथनंच चालवली होती, आणि हवेच्या ब्रेकची गाडी चालवायचा परवानाही घरात तिच्याच एकटीकडं होता.

हार्लन उलट्या बादलीवर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. "खिडकीच कशाला, लेलँड, सगळीच बाकं राहू दे," तो म्हणाला. "ही बाई सवयीनं प्रत्येक फाटकाशी थांबणार. घोडे दप्तर घेऊन चढतील."

"तुला मात्र मी शाळेच्या वेळेतसुद्धा चढवलं नसतं," आर्डिथ म्हणाली. "तिसरी पास झाल्याशिवाय बसमध्ये घेत नाही मी."

हार्लनचे आणि तिचे वडील एकाच कुळातले, म्हणून दोघांचं नातं थट्टेचं. चारचौघांत एकमेकांची अब्रू काढायचा दोघांनाही हक्क होता, आणि रागवायची मुभा कुणालाच नव्हती. हार्लन तो हक्क रोज बजावायचा.

लेलँडनं रेघ पुसली आणि एक खिडकी मागं ओढली. दोन दिवस गॅस कटरच्या ठिणग्या उडाल्या. बसचा मागचा अर्धा डबा उचलून बाजूला ठेवला, तोंड उघडं पडलं तिथं पत्र्याची भिंत घातली, आतून प्लायवूड मारलं आणि त्या भिंतीला लागूनच लोखंडी चौकटीचा एक आडवा पलंग बसवला. मागं राहिलेल्या उघड्या सांगाड्यावर, आसाच्या बरोबर वर, आडवी तुळई बोल्टांनी आवळली आणि तिच्यावर मुठीएवढा पोलादी गोळा बसवला. त्यांचा घोड्यांचा ट्रेलर गूजनेक, म्हणजे ज्याची पुढची मान हंसासारखी उंच होऊन ओढणाऱ्या गाडीच्या पाठीवर येऊन बसते तो. ती मान गोळ्यावर टेकली आणि लेलँडनं कडी अडकवली. ट्रेलरच्या ब्रेकची तार बसमध्ये आणून स्टिअरिंगखाली एक डबी लावली.

मग शर्यतीच्या मैदानात आर्डिथनं बस गोल फिरवून पाहिली, आधी डावीकडं, मग उजवीकडं, चाक पूर्ण मुरगाळून. ट्रेलरच्या मानेचा कोपरा भिंतीजवळून मूठभर अंतर राखून गेला. लेलँडनं खरोखरच त्या फटीत मूठ घालून पाहिली आणि म्हणाला, "बसतंय." मैदान सपाट होतं, हे त्या वेळी कुणाच्या मनात आलं नाही.

जुलैतली पहिली शर्यत बिगहॉर्न डोंगरापलीकडच्या गावी होती. तिसरा घोडा धरणारा चौथा गडी तिकडंच भेटणार होता. सकाळी घोडे चढवून ते निघाले, आणि दुपार व्हायच्या आत घाटाच्या पायथ्याशी अडकले. वर गवताच्या गठ्ठ्यांचा ट्रक आडवा झाला होता. वाहतूक अडवणारी झेंडेवाली बाई प्रत्येक गाडीच्या काचेशी येऊन सांगत होती, संध्याकाळशिवाय रस्ता उघडत नाही.

"जुन्या लाकूडतोडीच्या वाटेनं जाऊ," लेलँड म्हणाला. "वर पठारावर परत डांबर लागतं."

"ट्रेलर निघेल तिथून?"

"ओंडक्यांचे ट्रक निघायचे की."

"कधी निघायचे?"

आर्डिथनं आरशात पाहिलं. लेव्हाय मागच्या पलंगावर पाय पसरून झोपला होता. संध्याकाळपर्यंत उन्हात घोडे कोंडून ठेवले तर उद्या ते धावणार नव्हते, हेही खरं होतं. तिला नाही म्हणायचं होतं. वीस वर्षांत तिनं बस चालवली ती नदीकाठच्या सपाट रस्त्यांवर, जिथं चूक झाली तर फार तर कुणाच्या गवतात जाऊन थांबायचं. पण मागं गाड्यांची रांग लागली होती, झेंडेवाली हात हलवत होती, आणि तिनं चाक वळवलं.

पहिली चार-पाच वळणं रुंद होती. पण बसचं तोंड चपटं, चालवणाऱ्याची खुर्ची पुढच्या चाकांच्याही पुढं. त्यामुळे वळणावर चाकं रस्त्यावर असली तरी ती स्वतः रस्त्याबाहेर जाऊन येत होती. गावात तिला याचं कधी काही वाटलं नव्हतं. इथं प्रत्येक वेळी तिच्या पायाखालून खडी संपायची, खाली देवदारांचे शेंडे दिसायचे, आणि मग पुन्हा खडी यायची.

"डोळे मिटून चालवतेयस का गं?" मागून हार्लननं विचारलं. "मिटले असशील तर सांग, मी उघडे ठेवतो."

उत्तर द्यायला तोंड उघडलं तर दात वाजतील असं तिला वाटलं.

मग ते वळण आलं. डोंगराची सोंड तिथं संपत होती आणि रस्ता तिला वळसा घालून डावीकडं, परत मागं, वर चढत होता. आतल्या बाजूला जुनी दरड उतरून पडली होती, त्यामुळे वळण होतं त्याहून आवळलं होतं. थांबून मागं फिरायला जागा नव्हती. ट्रेलर घेऊन एवढं उतरून मागं जायचं तर आणखीच कठीण. तिनं जमेल तेवढं उजव्या कडेला धरून घेतलं आणि चाक डावीकडं पूर्ण मुरगाळलं.

बस वळली. आरशात ट्रेलर अजून जुन्याच दिशेला तोंड करून होता, आणि वाट तिरकी असल्यानं तो बसच्या अंगावर कलला होता. तिनं आणखी थोडं पुढं घेतलं. मागं पत्रा चेपल्याचा आवाज आला, सावकाश, डबा पायाखाली चिरडावा तसा. त्यानंतर लेव्हाय ओरडला.

तिचा पाय ब्रेकवर आदळला. तिनं पार्किंग ब्रेकची पिवळी मूठ ओढली, हवा फुस्सकन सुटली, तरी पाय काढायचा तिला धीर झाला नाही.

"लेव्हाय," ती म्हणाली. मान वळवायची हिंमत होत नव्हती. "लेव्हाय, बोल रे."

"पाय," तो म्हणाला. "आई, पाय अडकलाय."

ट्रेलरच्या मानेचा कोपरा पत्रा आणि प्लायवूड आत ढकलत आला होता. भिंत आणि पलंगाची लोखंडी चौकट यांच्यामध्ये लेव्हायचा घोटा सापडला होता. हार्लन गुडघ्यांवर बसून पाहत होता. "बूट काढून झोपतोस हे चांगलं करतोस," तो म्हणाला, "नाहीतर बूट वाया..." लेव्हायचा चेहरा राखेसारखा झाला होता.

मागं एका घोड्यानं लाथ मारली. ट्रेलर हलला, कोपरा कुरकुरला आणि लेव्हाय पुन्हा ओरडला. बसमधल्या सगळ्यांना कळून चुकलं की घोडा हलेल तसा कोपरा चावा घेणार आहे.

लेलँड खाली उतरून मागं धावला आणि तसाच परत आला. "मागच्या चाकांना दगड लावतो. ब्रेक सोडू नकोस."

"नाही सोडत."

"आणि मागं जाऊ देऊ नकोस."

"नाही म्हटलं ना."

चाकांखाली दगड सरकवल्याचे आवाज तिनं ऐकले. तिचा उजवा पाय अजून ब्रेकवर होता. वीसेक वर्षं तिनं त्या पायानं ब्रेक दाबला होता आणि तो आपला पाय आहे हे तिला आज पहिल्यांदाच जाणवत होतं. मागं उरलेली ती खिडकी तिला आरशात दिसत होती. तिची काच तडकली होती. तिथं भिंत हातभर पुढं असती तर, एवढा विचार आला आणि तिनं तो मागं ढकलला, कारण तो विचार करत बसली असती तर पाय सुटला असता.

"घोडे उतरवू," हार्लन म्हणाला. "ओझं कमी झालं की सैल होईल."

त्यांनी ट्रेलरचं मागचं दार उघडलं. कडेच्या घोड्याचा दोर सुटला मात्र, तो उतारावरच्या तिरक्या फळीवर घसरला, बिथरला, त्यानं दोन्ही मागचे पाय झाडले. आतून लेव्हायचा आवाज आला, पण आता तो ओरडा नव्हता. दात दाबून काढलेला बारीक आवाज होता तो. आर्डिथला ओरडा परवडला असता. त्यांनी घोडा परत आत रेटला आणि दार लावलं.

लेलँड तिच्या खिडकीखाली येऊन उभा राहिला. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. त्यानं दोन्ही हात पुढं धरले, एक बस, एक ट्रेलर. बसचा हात मागं नेला, तसा ट्रेलरचा हात त्यात आणखी घुसला. मग बसचा हात पुढं नेला आणि बोटं उजवीकडं वळवली. दोन्ही हात सरळ होऊ लागले.

"पुढं घ्यायचं," तो म्हणाला. "चाक उजवीकडं."

"उजवीकडं काय आहे दिसतंय ना तुला?"

"दिसतंय."

"किती जागा आहे?"

तो कडेपर्यंत जाऊन पाहून आला. "चाकांना आहे," तो म्हणाला.

चाकांना होती. तिच्या खुर्चीला नव्हती.

"दुसरं काही?"

"भिंत कापता येईल, पण कटर घरी आहे. फोनला इथं रेंज नाही. आई, पायाचा रंग बदलत चाललाय."

हार्लन म्हणाला, "मी ट्रेलरमध्ये जातो. पेप्सी घोडी लाथ मारायला लागली की बाकीचे मारतात. तिचं डोकं धरून उभा राहतो."

"तू आत असलास आणि ट्रेलर गेला तर?" लेलँडनं विचारलं.

"तर आर्डिथला बरं वाटेल," हार्लन म्हणाला, पण तिच्याकडं न पाहता. तो बाजूच्या छोट्या दारातून आत शिरला. थोड्या वेळानं आतून त्याचं पुटपुटणं ऐकू यायला लागलं. क्रो भाषेत तो घोडीला काहीतरी सांगत होता, एकसुरी, जेवायला बोलावल्यासारखं.

आर्डिथनं चाक उजवीकडं फिरवलं. जागच्या जागी फिरताना खाली खडी करकरली. समोरच्या काचेत तळाशी उरलेली खडीची पट्टी सोडली तर रस्ता नव्हताच. निळं आकाश होतं, आणि खूप लांब, खाली, मेंढ्यांसारखे दिसणारे पांढरे खडक.

"लेव्हाय, तू बोलत राहा," ती म्हणाली. "सैल झालं तर सैल म्हण, घट्ट झालं तर घट्ट म्हण. दुसरं काही म्हणू नकोस."

"हो, आई."

लेलँड उजव्या बाजूला, अगदी कडेशी, पुढच्या चाकाजवळ उभा राहिला आणि दोन्ही तळवे एकमेकांसमोर धरले. त्यांच्यामधली जागा म्हणजे चाक आणि कड यांच्यामधली जागा. त्याच्या पाठीमागं काही नव्हतं.

तिनं मूठ आत दाबली. हवा सुटली. गिअर टाकलेला होता, तरी पाय ब्रेकवरून उचलला त्या निमिषात बस मागं बसली, बोटभरच, दगडांवर. "घट्ट," लेव्हाय किंचाळला, "घट्ट, घट्ट..." तिनं तोच पाय एक्सलरेटरवर दाबला. मागची चाकं खडीवर भुरभुरली. मग चाकांनी जमीन धरली आणि बस पुढं सरकली, आकाशाकडं.

लेलँडचे तळवे जवळ आले.

"घट्ट," लेव्हाय म्हणाला. आणि मग, "तसंच."

ती तेवढ्या वेगानं पुढं घेत राहिली, ज्याला वेग म्हणायची लाज वाटावी. काचेच्या खालच्या कडेशी रस्त्याची शेवटची खडी दिसत होती, ती काचेखाली गेली. आता तिच्या पावलांच्या खाली फक्त पत्रा होता आणि पत्र्याखाली हवा. तिला वाटलं, खुर्ची पुढं कलते आहे. ती कलत नव्हती. तिचं स्वतःचं अंग मागं रेललं होतं, पाठ खुर्चीत रुतली होती, आणि हात चाकावर असे आवळले होते की बोटांत मुंग्या आल्या होत्या. देवाचं नाव घ्यावं असं तिला वाटलं आणि एकही नाव आठवेना.

ट्रेलरमध्ये एक टाप वाजली. हार्लनचं पुटपुटणं थांबलं, पुन्हा सुरू झालं.

लेलँडचे तळवे आणखी जवळ आले. त्याचा चेहरा तिनं पाहायचा नाही असं ठरवलं होतं, तरी तिनं पाहिला. तो रडत होता, हात मात्र जराही डळमळत नव्हते.

"सैल," लेव्हाय म्हणाला.

ती थांबली नाही. थांबली तर बस परत मागं बसेल.

"सैल होतंय. आई, सैल. निघाला... निघाला पाय, थांब."

लेलँडचे तळवे टाळी वाजवल्यासारखे एकमेकांना लागले. तिनं ब्रेक दाबला, मूठ ओढली आणि इंजिनही बंद केलं. मग तिला चाकावरून हात काढता येईनात. लेलँडनं आत येऊन तिची बोटं एकेक करून सोडवली, लहान मुलाच्या मुठीतून काहीतरी काढून घ्यावं तशी. ती खाली उतरली, डोंगराच्या बाजूला गेली आणि ओकली.

लेव्हायचा घोटा मोडला होता. सुजून निळा पडला होता, पण बोटं हलत होती. ट्रेलर आता बराच सरळ झाल्यानं दार नीट उघडलं आणि घोडे एकेक करून बाहेर निघाले. पठारावरून एक मेंढपाळ जुन्या पिकअपमधून खाली येत होता. पेरू देशातून आलेला माणूस, इंग्रजी त्याला जेमतेम येत होतं. पण लेव्हायचा पाय पाहून त्यानं पुढची जागा रिकामी केली आणि गाडी परत वर वळवली. लेलँड पाठीमागं उघड्यावर बसून त्यांच्याबरोबर गेला.

आर्डिथ आणि हार्लन घोड्यांजवळ राहिले. घोडे दरडीवरचं गवत खात होते, जणू सगळा खटाटोप त्यासाठीच होता. हार्लन खडकाला टेकून बसला होता. त्याच्या खिशात बिया होत्या, त्या त्यानं काढल्या नाहीत. ती वाट पाहत होती, आता हा काहीतरी बोलेल. तो बोलला नाही, आणि त्याचं गप्प बसणं तिला त्या कड्याइतकंच भिववून गेलं.

संध्याकाळी लेलँड माणसं आणि दोन गाड्या घेऊन आला. ट्रेलर सोडवून मागच्या मागं ओढून खाली नेला. बसला हात लावायला आर्डिथनं नकार दिला. दुसऱ्या कुणीतरी ती उतरवली. आर्डिथ पेप्सीचा दोर धरून पायी उतरली, डोंगराच्या बाजूनं.

पुढच्या आठवड्यात लेलँडनं बसची भिंत आणखी पुढं घेतली. लेव्हायच्या पायावर प्लास्टर होतं, म्हणून त्या वर्षी त्याच्या जागी दुसराच स्वार बसला आणि टोळी कुठंच जिंकली नाही. आर्डिथ बस चालवत होती, कारण परवाना अजूनही तिच्याकडंच होता. सपाट रस्त्यानं, दुप्पट लांबच्या वाटेनं. डावं वळण आलं की ती आधी थांबायची, मागच्यांनी कितीही हॉर्न वाजवले तरी, आणि लेलँड खाली उतरून मागं उभा राहिल्याशिवाय वळायची नाही.

ऑगस्टमध्ये जत्रेला सगळा गोतावळा नदीकाठी तंबू ठोकून उतरला. संध्याकाळी फांद्यांच्या मांडवाखाली उकडलेलं मांस, तळलेल्या भाकऱ्या आणि जूनबेरी या रानफळाची खीर होती. हार्लन उभा राहिला. माणसं आधीच हसायला लागली. तो कुणाच्या सासऱ्याच्या दातांवर बोलला, कुणाच्या नव्या टोपीवर बोलला. लोकांच्या नजरा आर्डिथकडं वळत होत्या, कारण डोंगरावरची हकिगत सगळ्यांना माहीत होती आणि असा आयता माल हार्लन कधी सोडत नसे. त्यानं तो सोडला आणि खाली बसला.

ती कॉफीचे दोन पेले घेऊन त्याच्याजवळ गेली.

"माझं काही बोलला नाहीस."

"नाही."

"का रे? कीव आली का माझी?"

हार्लननं पेला घेतला. "तुझी कशाला येईल? मी आत होतो ना. तुम्हा सगळ्यांना बाहेरचं दिसत होतं. मला ट्रेलरच्या फटीतून नुसतं आभाळ दिसत होतं. ट्रेलर हलायला लागला तेव्हा मला वाटलं, गेलो. पेप्सीनं डोकं माझ्या छातीवर टेकलं आणि अंगाला नुसता थरकाप तिच्या. मी तिला म्हणत होतो, काही नाही, काही नाही. आणि मला माहीतच नव्हतं, काय नाही ते."

आर्डिथ त्याच्या शेजारी बसली. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला लेव्हाय कुबड्या बाजूला ठेवून पोरांशी पत्ते खेळत होता.

"त्यात हसण्यासारखं काहीतरी असणार," हार्लन म्हणाला. "असतंच. मला अजून सापडलं नाही."

"मलाही नाही," ती म्हणाली. "पी कॉफी. निवतेय."